नाव गावाचं, नाच कुणाचा?

भाकरी-कालवण उरकून, जनावरांना वैरण टाकून रेडिओजवळ बसला असाल. ज्यांचं अजून उरकलं नसेल त्यांनी आवाज जरा मोठा करा आणि हात चालू ठेवा. आज मला नावाबद्दल बोलायचंय. आधी गावाच्या नावाबद्दल, मग नाचाच्या.

एकाच नावाची दोन गावं असणं आपल्याला काही नवीन नाही. म्हणून तर बुद्रुक आणि खुर्द आले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतले, पण आता आपल्या बसच्या पाटीवर रुळलेत. आपली आटपाडी 1948 पर्यंत औंध संस्थानात होती. ते औंध सातारा जिल्ह्यातलं, यमाईचं. पण पुण्यातही एक औंध आहे. माझ्या नणंदेच्या लग्नात एक पाहुणे पुण्याच्या औंधाहून यायचे होते. आमच्या सासऱ्यांनी, देव त्यांना सुखी ठेवो, आहेराचं आमंत्रण पाठवलं यमाईच्या औंधाला. पाहुणे वर्षभर बोलले नाहीत. सातारा म्हणावं तर संभाजीनगरजवळही एक सातारा आहे, तिथं खंडोबाचं देऊळ आहे. नाव एक, गावं दोन, आणि भांडणं तीन.

पण गावाचंच नाव नाचालाही आहे, असं कधी ऐकलंय? मी ऐकलं नव्हतं. ते कळलं एका फॉर्ममुळं.

गेल्या श्रावणात तालुक्याला महिलांचा एक कार्यक्रम होता. गटांनी नाच सादर करायचे, पहिल्या तिघांना बक्षीस. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी नाव दिलं. आमच्या वस्तीवर आक्का आहेत, सत्तरी ओलांडलीय, पण पंचमीला फेर धरला की त्यांच्याएवढा दम पोरींनाही लागत नाही. त्यांनी महिनाभर आमच्याकडून करून घेतलं. आधी फेर, मग झिम्मा, मग दंडफुगडी, बसफुगडी, शेवटी पिंगा. आम्ही सगळ्या नऊवारीत, हातात काकणं, बाकी काही नाही.

नाव नोंदवायच्या टेबलावर एक तरुण मुलगा बसला होता. मुलगा चांगला, अहो-जाहो करणारा. त्याच्याकडच्या फॉर्मवर एक रकाना होता, नृत्यप्रकार. त्यात लावणी, कोळीनृत्य, गोंधळ, धनगरी गजी असं छापलेलं. त्याने विचारलं, “मावशी, तुमचं कुठलं?” आम्ही म्हटलं, पंचमीचे खेळ. तो म्हणाला, “खेळ नको, नाचाचं नाव सांगा.” मी म्हटलं, झिम्मा-फुगडी लिही. त्याने यादी वर-खाली पाहिली आणि शेवटच्या ओळीवर खूण केली. तिथं लिहिलं होतं ‘इतर’.

इतरचा नंबर शेवटी. रात्री साडेदहाला आम्हाला बोलावलं तेव्हा खुर्च्या गोळा करायला लागले होते, आणि माईकवाला वायर गुंडाळत होता. आम्ही नाचलो. आमच्याच टाळ्या आम्हाला ऐकू आल्या. परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही. आक्का तेवढ्या म्हणाल्या, “इतर म्हंजी काय गं? उरल्यालं?”

ते ‘उरल्यालं’ माझ्या डोक्यात बसलं.

दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली. नोकरी करते आणि संध्याकाळी नाचाच्या क्लासला जाते. अंगणात पोरांना एक नाच दाखवत होती. गुडघे जरा वाकवलेले, टाचा आत-बाहेर, आत-बाहेर, पाय एकदा पुढं एकदा मागं, हात झोपाळ्यासारखे मोकळे सोडलेले. पोरं हसून लोळत होती. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, “मावशी, ह्याला चार्ल्सटन म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी सगळ्या जगाला ह्याचं वेड लागलं होतं. आणि चार्ल्सटन हे शहराचं नाव आहे. एक नाही, दोन शहरांचं. दोन्ही अमेरिकेत.”

आक्का ओट्यावर शेंगा निवडत होत्या. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पाय बरं हायेत. पर टाळी कुठं हाय?”

ही टाळी लक्षात ठेवा, तिच्याकडं मी परत येणार आहे.

मग मी भाचीला बसवून सगळं विचारून घेतलं, नंतर स्वतःही वाचलं. सांगते. एक चार्ल्सटन वेस्ट व्हर्जिनिया नावाच्या राज्याची राजधानी आहे, डोंगराळ भाग, कोळशाचा. एका माणसाने आपल्या बापाच्या नावावरून त्याला नाव दिलं. त्या चार्ल्सटनचा आणि नाचाचा काही संबंध नाही. दुसरं समुद्रकाठचं, साउथ कॅरोलायना राज्यातलं. ते 1670 साली इंग्रजांनी वसवलं आणि आपल्या राजाचं, दुसऱ्या चार्ल्सचं, नाव त्याला दिलं. चार्ल्स टाउन. 1783 मध्ये त्याचं चार्ल्सटन झालं.

ह्या दुसऱ्या चार्ल्सटनमध्ये बंदर होतं, आणि त्या बंदरात आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उतरवून विकायचे. बाजारात खिल्लार बैल दात बघून घेतात ना, तसं माणसाचे दात आणि दंड बघून. आज अमेरिकेचा जो देश आहे त्या भूमीवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून जेवढी माणसं आणली, त्यातली दहातली जवळजवळ चार ह्या एका बंदरातून आली असं मानतात. त्यांच्याकडून भातशेती करून घेतली. त्यातल्या कितीतरी जणांचे मुलूख भाताचेच होते, भात कसा लावायचा, पाणी कसं कोंडायचं हे त्यांना मालकापेक्षा जास्त कळायचं. त्यांच्या बायका भात पाखडायला गवताच्या विणलेल्या टोपल्या वापरायच्या. आजही तिथल्या बाया तशा टोपल्या विणतात आणि रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. त्या लोकांना गल्ला म्हणतात. दुकानातला गल्ला नव्हे, त्यांच्या समाजाचं नाव तसं आहे.

आता टाळीकडं येते. 1739 साली चार्ल्सटनजवळ गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, माणसं गोळा करत निघाले. उठाव मोडला, माणसं मारली, आणि पुढच्या वर्षी मालकांनी कायदा केला. त्यात एक कलम असं होतं की गुलामांनी ढोल वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही. कारण ढोलाचा आवाज ह्या शेतातून त्या शेतात निरोप घेऊन जातो.

विचार करा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत कुणी सांगितलं की ढोल बंद, तर काय होईल?

त्या लोकांनी काय केलं, तर ठेका अंगावर घेतला. टाळ्या वाजवायच्या, मांडीवर हात मारायचा, छातीवर मारायचा, टाचा आपटायच्या. देवाची गाणी म्हणायला जमले की गोल फेर धरायचा आणि पाय घासत, टाळ्या देत फिरायचं. त्या फेराला रिंग शाउट म्हणतात. मी भाचीच्या फोनवर तो पाहिला. मैत्रिणींनो, खोटं नाही सांगत, आवाज बंद करून पाहिला असता तर मी म्हटलं असतं की पलीकडच्या वस्तीवर पंचमी चाललीय. वाकायची ढब तीच, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं तेही तसंच. त्यांचा आपला काही संबंध नाही, हे मला कळतं. पण ज्याच्या हातात वाद्य नसतं त्याच्या हाताचंच वाद्य होतं. आपल्या बायकांच्या हातात तरी ढोल कुणी दिला होता? कुणी कायदा केला नाही, पण दिलाही नाही.

गुलामी 1865 मध्ये कायद्याने संपली, पण गरिबी आणि अपमान राहिला. चार्ल्सटनकडची माणसं पोटासाठी उत्तरेला न्यूयॉर्कला गेली. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर गेलीत ना, तशी. तिथं पुरुष गोदीत हमाली करायचे. रात्री एका छोट्या नाचघरात जमायचे आणि पियानोवाल्याला म्हणायचे, आमच्याकडचं वाजव. तो पियानोवाला होता जेम्स पी. जॉन्सन. त्याने पुढं सांगितलंय की 1913 च्या सुमाराला त्या हमालांचे पाय बघत बघत त्याने त्या ठेक्यावर चाली बांधल्या. 1923 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘रनिन वाइल्ड’ नावाचं नाटक आलं, त्यात त्यातली एक चाल आली. गाण्याचं नाव ‘चार्ल्सटन’. आणि दोन-तीन वर्षांत अमेरिका काय, युरोप काय, सगळे टाचा आत-बाहेर करायला लागले.

बायकांनी तर जास्तच. केस कापलेल्या, गुडघ्यापर्यंतचे झगे घातलेल्या पोरी रात्र रात्र हा नाच नाचायच्या. मोठ्या माणसांनी नाकं मुरडली. बोस्टन शहरात 1925 मध्ये एक नाचघर कोसळून 44 माणसं मेली. इमारतच खिळखिळी होती, पण बोल लागला चार्ल्सटनला, आणि शहराने सार्वजनिक नाचघरांत त्याला बंदी केली. त्याच वर्षी जोसेफाइन बेकर नावाची एकोणीस वर्षांची काळी मुलगी पॅरिसला गेली आणि तिथं हाच नाच नाचून तिने ते शहर जिंकलं. लहानपणी ती लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. तिचं नाव राहिलं. जॉन्सनचं थोडंफार राहिलं. पण ते हमाल, त्यांच्या आया, ज्यांनी फेरात टाचा आपटत ते पाय पुढच्यांना दिले, त्यांच्यातल्या कुणाचं नाव आपल्याला सांगता येत नाही.

एक गोष्ट बघा. चार्ल्सटनमध्ये राहणारी माणसं आपल्या नाचाला चार्ल्सटन कशाला म्हणतील? आपण घरी आपल्या भाकरीला माणदेशी भाकरी म्हणतो का? गावाचं नाव लागतं ते गाव सोडल्यावर, दुसऱ्यांच्या तोंडी. ही कुठली माणसं? चार्ल्सटनकडची. मग त्यांचा नाच चार्ल्सटन.

आणि हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? आपण सासरी आलो आणि आपलं काय झालं? मी विट्याची, तर मी विटेवाली. माझी जाऊ दिघंचीची, ती दिघंचीवाली. आमच्या समोर राहते ती सांगोलेवाली. माहेरी कुणी आपल्याला गावाच्या नावाने हाक मारली नव्हती. आणि खरं नाव? ते रेशनकार्डावर आणि आता गटाच्या वहीत.

बरं, गावाचं नाव नाचाला मिळालं म्हणजे त्या गावातल्या बाईला काही मिळतं का? त्यासाठी अमेरिकेत जायला नको. आपल्या सांगलीवरून जाणारी कृष्णा जिथं समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात कुचिपुडी नावाचं खेडं आहे. त्या खेड्याच्या नावाने आज जगभर नाच शिकवतात. तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, पितळेच्या ताटाच्या कडेवर उभं राहून नाचतात तो. हेमामालिनीही तो शिकलीय.

पण पिढ्यान् पिढ्या त्या खेड्यात नाचायचे ते फक्त पुरुष. ठरावीक ब्राह्मण घरांतले. त्यांचा गाजलेला खेळ सत्यभामेचा. कृष्णावर रुसलेली, मानी सत्यभामा, आणि तिचं सोंग घ्यायचं पुरुषाने. वेदांतम सत्यनारायण शर्मा नावाचे एक नट इतकी हुबेहूब सत्यभामा करायचे की 1970 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांची कला मोठी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच गल्लीतल्या, त्याच घरातल्या बायका, ज्या खरोखर रुसत असतील, वेणी घालत असतील, त्यांना पायात चाळ बांधायची मुभा नव्हती. गुरूंपैकी काही जण मद्रासला आले, मुलींना शिकवायला लागले. त्यातले वेम्पटी चिन्न सत्यम, त्यांनी 1963 मध्ये मद्रासला संस्था काढली. आज कुचिपुडी नाचणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. पण त्या शहरातल्या, लांबच्या. गावाचं नाव जगभर गेलं, आणि ज्यांच्या दारात ते जन्मलं त्या घरातल्या बायका दारातच राहिल्या.

हे वाचलं तेव्हा मला आपला गजी आठवला. गजीवर माझं प्रेम आहे, हे आधी सांगते. आरेवाडीच्या बिरोबाला जा, म्हसवडला जा, मोठे ढोल घुमायला लागले, झांजा लागल्या आणि फेटे बांधलेले, पायघोळ झगे घातलेले गडी रुमाल उडवत गोलात आले की अंगावर काटा येतो. म्हातारी माणसंसुद्धा पोरासारखी गिरकी घेतात. पण गजीच्या मंडळाचं नाव कसं असतं? अमुक गावचं गजी मंडळ. बाप नाचला, लेक नाचतो, नातू नाचेल, त्याच गावात, त्याच बिरोबापुढं. म्हणून नावाला गाव चिकटतं, आणि फॉर्मवर त्याची ओळ छापून येते.

आमच्या नाचाला गाव कसं चिकटणार? आक्कांनी बसवलेल्या त्या अर्ध्या तासातलं एकेक सोडवून बघितलं आम्ही, दिवाळीनंतरच्या गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं, आणि मग मी विचारलं, हा फेर कुठला? आक्का म्हणाल्या, मी इथं नांदायला आल्यावर शिकले. दंडफुगडीत मधेच हात सोडून परत धरायची जी चलाखी आहे, ती माणकडून आलेल्या सुनेने आणली. पिंग्याचा शेवट सांगोल्याकडचा. एका झिम्म्याची चाल तर कवठेमहांकाळच्या बाईने आणली, आणि ती तिच्या आईकडून शिकली होती, जिचं माहेर पार कर्नाटकात. एका नाचात पाच-सहा गावं. पोरगी लग्न होऊन जाते तेव्हा भांडीकुंडी मोजून देतात, पण हा फेर, ही चाल कुणी मोजत नाही. ती न मोजता बरोबर जाते आणि दुसऱ्या गावात उगवते. मग त्याला कुठल्या एका गावाचं नाव देणार?

तिथंच दोघी-तिघींचं वाजलं. एक म्हणाली, कशाला पाहिजे नाव? नाचायला मजा येते ना, बास. दुसरी म्हणाली, मजा येते, पण खुर्च्या गोळा करत होते ना? मला दोघींचंही पटलं. नाव मिळालं तरी चार्ल्सटनसारखं व्हायचं, ज्या बंदरात विकलं त्याचंच नाव गळ्यात. ते शहर 2018 मध्ये गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल रीतसर माफी मागून मोकळं झालं, आणि 2023 मध्ये जिथं जहाजं लागायची त्याच धक्क्यावर त्या लोकांचं संग्रहालय उघडलं. चांगलं झालं. पण दीडशे वर्षं लागली. आणि नाव नसलं तर आपण ‘इतर’. आणि पोरी आता पंचमीलाही मोबाईलवर गाणं लावतात, डीजेपुढं नाचतात. नाचू देत, मी आड येणार नाही. पण आक्का गेल्या की तो फेर कुणाला विचारायचा?

भांडण मिटलं ते असं. एक दोनशे पानी वही आणली. तीत प्रत्येक खेळाचं एक पान. वर खेळाचं नाव, आपण घरात जे म्हणतो ते. खाली, कुणाकडून शिकले, तिचं नाव, तिचं माहेर, आणि तिला कुणी शिकवला ते आठवत असेल तर तेही. पाय कसे टाकायचे ते शब्दांत लिहिता येत नाही, म्हणून आमच्यातली बारावी झालेली सून फोनवर शूटिंग करते. आतापर्यंत एकोणीस पानं झालीत. यंदा फॉर्मवर रकान्यात मावेल तेवढं लिहिणार आहोत आणि उरलेलं मागच्या बाजूला. त्या मुलाला सांगितलंय आधीच. तो म्हणाला, “मावशी, लिहा की.” मी म्हटलं ना, मुलगा चांगला आहे.

तुमच्या गटातही अशी वही करायची असेल तर करा, आणि पंचमीच्या आधी रेडिओवर येऊन एकेक पान वाचून दाखवा. त्यासाठी आपण वेळ ठेवलाय. नीट अक्षर पाहिजे असं काही नाही. लिहिता येत नसेल तर नुसतं येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ.

पहिलं पान अर्थातच आक्कांच्या फेराचं. मी पेन घेऊन बसले. आक्का म्हणाल्या, माझं नाव कशाला वर घालतीस, मला चुलतसासूनं शिकवला. त्या जात्यावर बसल्या की म्हणायच्या आणि पंचमीला मला पुढं ढकलायच्या, मी लाजायची तर पाठीत धपाटा घालायच्या. म्हटलं, सांगा त्यांचं नाव. आक्कांनी तोंड उघडलं आणि थांबल्या. सगळं घर, सगळी वस्ती त्यांना जतवाली म्हणायची. आक्का त्यांना आत्याबाई म्हणायच्या. नाव काय होतं? त्यांनी लेकाला विचारलं, पुतण्याला फोन लावायला लावला. पुतण्या म्हणाला, जतवाली आजीच की, दुसरं काय?

आक्का बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “लिव तसंच.” पहिल्या पानावर, कुणाकडून शिकले ह्याच्यापुढं, तेच लिहिलंय. जतवाली.